मीटरवरची मधुमालती

विजेचे मीटर वाचणं हे माझं काम आहे. नोकरी ठेकेदाराची, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. मूल नावाच्या आमच्या शहरातल्या काही गल्ल्या आणि पोंभुर्ण्याच्या रस्त्यावरची पाच-सहा गावं माझ्या वाट्याला आली आहेत. महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, मीटरवरचे आकडे अ‍ॅपमध्ये भरायचे, मीटरचा फोटो काढायचा आणि पुढचं दार वाजवायचं. लोकांना मी कोणत्याच महिन्यात फारसा आवडत नाही. उन्हाळ्यात तर मुळीच नाही, कारण कूलर दिवसरात्र चालू असतात आणि माझ्या पाठोपाठ काय येणार हे सगळ्यांना माहीत असतं. कुत्र्यांना मी बाराही महिने आवडत नाही.

या कामात एकच चैन आहे. दुसऱ्याच्या अंगणात न बोलावता कोणाला जाता येत नाही, मला जाता येतं. समोरची बाग रस्त्यावरून कोणीही पाहतो. मी बाजूचा बोळ पाहतो, न्हाणीमागची जागा पाहतो, जिन्याखाली ठेवलेले तेलाचे डबे पाहतो. बायका आपली खरी फुलं तिथे लावतात. दर्शनी दारात शोभेच्या झाडाची महागडी कुंडी आणि मागे फुटक्या बादलीत गच्च भरलेला मोगरा, असं निम्म्या घरांचं असतं.

आमच्याकडे उन्हाळ्यातली फुलं कूलरखाली राहतात. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कुंड्यांना दोन वेळ पाणी घालणं जिवावर येतं, आणि नळ तर एक दिवसाआड. पण खिडकीला बसवलेला कूलर दिवसभर टपटपत असतो. त्या थेंबांखाली हात-दीड हात जमीन ओली राहते आणि घरातलं सगळं रंगीत तिथे येऊन बसतं. कर्दळ, गुलबक्षी, सदाफुली, चिनी गुलाब. शेजारची जमीन भाजून भेगाळलेली आणि एवढाच तुकडा हिरवा. मीटर बहुधा त्याच भिंतीला असतं. त्यामुळे आकडे वाचून मान खाली केली की फूल समोरच.

फोटोंची सवय मला चुकून लागली. एका मास्तरांच्या घरी मीटरचा फोटो काढत होतो, तर मोबाइलने आपल्या मनाने मीटर सोडून मध्ये आलेली जास्वंद पकडली. आकडे धूसर, पण जास्वंदीचा दांडा आणि त्यावरचे पिवळे कण अगदी बोटाला लागतील असे स्पष्ट. तो फोटो मी पुसला नाही. त्या दिवसापासून प्रत्येक घरी दोन फोटो व्हायला लागले, एक कामाचा आणि एक माझा. बायको म्हणाली, "फुलाच्या फोटोनं पोट भरते काय?" मी म्हटलं, मीटरच्या फोटोनंही कुठे भरतं.

तीन उन्हाळ्यांत थोडंफार कळलं. सकाळी आठच्या आत मिळेल ते आपलं. नवानंतर ऊन रंग खाऊन टाकतं, पांढऱ्या फुलाचा तर नुसता डाग उरतो. चिनी गुलाबाची पंचाईत अशी की तो उघडतोच नऊ-साडेनवाला, म्हणून त्याचा फोटो मी त्याच्यावर स्वतःची सावली पाडून काढतो. लाल रंग मोबाइलला झेपत नाही. गुलमोहर जवळून काढायला गेलं की पाकळ्यांच्या शिरा गायब होतात आणि शेंदूर फासल्यागत दिसतं. बोगनवेल कोणालाही जमते, म्हणून मला तिचं कौतुक नाही. पाणी कमी पडेल तितकी ती जास्त फुलते. असल्या स्वभावाची माणसंही मी पाहिली आहेत. लोक त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलतात आणि त्यांना पाणी देत नाहीत. मोगऱ्याचा फोटो काढून काही उपयोग नसतो.

शिवाय प्रत्येक बाग मला वर्षात बाराच दिवस दिसते. एका घरी मे फ्लॉवरची कुंडी आहे. तिचा फुलांचा लाल चेंडू तीन वर्षांत मला एकदाही उघडा सापडलेला नाही. कधी नुसती कळी, कधी वाळून गेलेला. घरची बाई दरवेळी म्हणते, "कालच होता भाऊ." मी पुढच्या वर्षी बघू म्हणतो.

माझ्या कामाच्या फोटोंतही हळूहळू कोपऱ्यात एखादं फूल यायला लागलं. मुद्दाम नाही, पण टाळलंही नाही. ऑफिसात एकाने विचारलं, "तुमच्या एरियातल्या मीटरले फुलं लागून राह्यले काय?" सगळे हसले, मीही हसलो. सुपरवायझर हसला नाही. "आकडे साफ पायजे," तो म्हणाला, "बाकी तुमी मीटरले हार घाला नाई त नारळ फोडा."

माझ्या वाट्याच्या एका गल्लीच्या टोकाला एका कूलर मिस्त्रीचं घर आहे. मूलमधल्या निम्म्या कूलरांचा पत्रा त्यांनी कापलेला असेल. कूलरची बाजू पाहून मी सांगू शकतो की हे त्यांचं काम, कारण ते कोपरे आत दुमडून ठोकतात, पुसताना बोट कापत नाही. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते आणि त्यांच्या बायकोला चाची, म्हणून मीही तेच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी चाचांना लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून पश्चिमेकडच्या खोलीत खिडकीला लागून त्यांची खाट आहे. घरात दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकाची, तिथे खाट मावत नाही.

डोक्यावर टिनाचं छप्पर आणि पश्चिमेची भिंत. अशा खोलीत मे महिन्याच्या दुपारी मांजरही थांबत नाही. आणि ज्या माणसाने गावाला कूलर पुरवले, त्यालाच कूलरची हवा चालत नाही. दमट हवेने छाती भरते, डॉक्टरने बंदच करायला लावला. चाचीने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. "नशीब पाहा भाऊ. मिठाईवाल्याले शुगर." पण ती खोली गल्लीतल्या कोणत्याही खोलीपेक्षा गार होती, कारण बाहेरून वेल होती.

वेल मधुमालतीची. चाचा हिंडते-फिरते होते तेव्हा त्यांनी भिंतीपासून हातभर अंतर सोडून जस्ताच्या तारांची जाळी उभी केली आणि वेल तिच्यावर चढवली. भिंत आणि पानं यांच्यामध्ये हवा खेळती राहावी म्हणून. कूलरवाल्याचंच डोकं ते. काही वर्षांत वेल जाळी भरून छपरावर गेली, खिडकीवरून खाली उतरली आणि मध्ये मीटर होतं, त्याच्यावरूनही गेली. दुपारचं ऊन त्या भिंतीपर्यंत पोचतच नसे. डॉक्टरांनी कूलर बंद केला त्या उन्हाळ्यात चाचा घरी राहू शकले ते या वेलीच्या जिवावर, हे चाची स्वतः सांगायची.

मधुमालतीचं फूल संध्याकाळी उघडतं तेव्हा पांढरं असतं. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि तिसऱ्या दिवशी लाल. एकाच घोसात तिन्ही दिवस एकदम लोंबत असतात. मी सकाळी सातला पोचायचो तेव्हा ती भिंत सावलीत असायची आणि उजेड मऊ. माझ्या सगळ्या एरियात फोटोला इतकी चांगली जागा दुसरी नव्हती. तिच्यासाठी मी ती गल्ली उलट्या टोकाकडून सुरू करायचो.

मीटर पानांत बुडालेलं असायचं. मी हाक मारली की चाची ओढणी सारखी करत बाहेर यायची, दोन्ही हातांनी वेल बाजूला धरून उभी राहायची आणि म्हणायची, "पाहा, दिसलं?" मी म्हणायचो, "दिसलं." आकडे भरून झाले की मी माझे फोटो काढायचो. मग आतून चाचांचा आवाज यायचा, "दाखव बेटा." मी खिडकीतून मोबाइल धरायचो. खाटेवरून त्यांना फुलांची पाठ दिसायची, तोंड दिसायचं ते माझ्या फोटोत. ते एकेक फोटो निरखून पाहायचे आणि हा घोस छपराजवळचा, हा तिसऱ्या तारेवरचा, असं बरोबर सांगायचे. फोटो कसा आला याबद्दल कधी बोलले नाहीत. वेल कशी आहे याबद्दल बोलायचे.

यंदाच्या एप्रिलात वेल अशी फुलली की मीटरची पेटी चाचपून शोधावी लागली. चाचीने नेहमीसारखे हात घातले. मी वाकून आकडे वाचले, भरले, आणि म्हटलं, "राहू द्या चाची, सोडा आता." तिने सोडलं. एक घोस हलत हलत बरोबर मीटरच्या काचेसमोर येऊन थांबला आणि मागे काचेत आकड्यांचा फिका उजेड. मी भिंतीला टेकून, श्वास धरून फोटो काढला. आणि तोच कामाचा फोटो म्हणून पाठवून दिला. आकडे बरोबर भरलेत, मग दोन-दोन फोटो कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला वाटत होतं की ऑफिसात कोणीतरी तो पाहावा. दिवसाला शेकडो मीटर पाहणाऱ्या त्या माणसांपैकी एकाने तरी म्हणावं, वा.

पाहिला. मेच्या पहिल्या आठवड्यात सुपरवायझरचा फोन आला.

"हे काय पाठवलं? मीटर कुठी हाय याच्यात?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"मीटरवर वेल हाय काय?"

"हो."

"मंग आकडे दिसत नाई काय तुमाले?"

गेल्याच महिन्यात आमच्यातल्या एकाला फोटोंवरून घरी बसवलं होतं. त्यात आता नवे मीटर येताहेत, ते आपले आकडे आपणच पाठवतात, त्यांना माणूस लागत नाही. कोणाला कमी करायचं याला निमित्तच हवं असतं. साहेब, आकडे दिसतात, मीच फुलांचा फोटो काढत बसलो होतो, असं म्हणायला एक वाक्य लागलं असतं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, हे मला पक्कं आठवतं.

मी म्हणालो, "नाई दिसत. वेल लय वाढली."

"त मंग आधी काऊन नाई सांगितलं?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी इतरांना बरेचदा ऐकवत असतो. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्या तोंडून निघाली नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वाचनाला गेलो तेव्हा धाकधूक होती, पण वेल जागेवर होती. मला हायसं वाटलं. चाचा मात्र खाटेवर नव्हते. त्यांची मुलगी राजुऱ्याला असते. तिथे हातापायांचा व्यायाम करून घेणारा डॉक्टर चांगला आहे म्हणून महिना-दीड महिन्यासाठी ती त्यांना घेऊन गेली होती.

"जातच नव्हते," चाची म्हणाली. "वेल आता कुठी फुलली अन् मी काऊन जाऊ म्हने. पोरीनं हात जोडले तवा गेले. पाच पावलं चालाले लागलो का घरी आनजा, असं कबूल करून घेतलं."

मी आकडे भरले. चाचीला इतकंच सांगायचं होतं की पेटीवरच्या दोन फांद्या बाजूला बांधून घ्या, वरून विचारणा झाली आहे. पाच मिनिटांचं काम होतं, सुतळीही माझ्या गाडीच्या डिकीत होती. पण सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, कोणी विचारलं, काय विचारलं, आणि तुम्ही काय सांगितलं. एवढे दिवस काही झालं नाही म्हणजे ते प्रकरण मिटलं असणार, अशी मी समजूत घालून घेतली. वेलीचे अकरा फोटो काढले, कच्च्या आंब्याचं पन्हं प्यालो आणि निघालो.

पावसाळ्याच्या तोंडावर लाइनची माणसं तारांवर आलेल्या फांद्या छाटत गावभर फिरतात. दरवर्षीचं काम आहे आणि गरजेचं आहे. वादळात तार तुटली की गुरं मरतात, कधी माणूसही मरतो. त्यांच्याजवळ यादी असते आणि आमच्या तक्रारी त्या यादीत जातात. हे मला फोनवर बोलतानाही माहीत होतं.

जूनच्या वाचनाला गेलो तेव्हा मृग कोरडा गेला होता आणि ऊन मे महिन्याचंच होतं. गल्लीत शिरताना मला आधी भिंत दिसली. इतक्या वर्षांत मी ती कधी पाहिलेलीच नव्हती. पिवळा चुना, पोपडे आणि मधोमध मीटर. जाळीच्या तारांमध्ये वाळलेल्या काड्या अडकलेल्या होत्या, काही घोस वाळून खाकी झाले होते. वेल खालून कापली होती. मनगटाएवढा बुंधा जमिनीतून बोटभर वर राहिला होता आणि त्याच्या आजूबाजूची जमीन अजून झाडलेली होती.

चाची बाहेर आली. मीटरपासून दोन हात लांबच उभी राहिली.

"घ्या भाऊ," ती म्हणाली. "आता साफ दिसते."

मी आकडे भरले, फोटो काढला. अ‍ॅपने पहिल्याच वेळी घेतला.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"लाइनवाले. मानसं भले होते. मी म्हनलं, बाजूबाजूची कापा, मी मदत करते. त्याइनं कागद दाखवला. मीटरवाल्याची तक्रार हाय, आकडे दिसत नाई, अन् वरून तारेलेबी लागली हाय म्हने. खालूनच घ्या लागते." तिने माझ्याकडे पाहिलं. "दिसत नव्हतं काय भाऊ?"

तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरोखरच विचारत होती.

"दिसत होतं," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. एप्रिलचा फोटो, सुपरवायझरचा फोन, मी दिलेलं उत्तर, नोकरीची भीती. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. माझ्या मनात ती गोष्ट फार मोठी होती, बोलून दाखवली तर इतकीशी निघाली, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

चाची आत गेली आणि मला हाताने बोलावलं. मी त्या खोलीत पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. सकाळचे साडेसात वाजले होते आणि आतली हवा आदल्या दिवशीचीच होती, रात्रभर उतरलेली नव्हती. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती.

"भिंतीले हात लावा," ती म्हणाली. मी लावला. भिंत कोमट होती. "हे सकाळी हाय. दुपारी मीबी इथी थांबत नाई, समोरच्या घरी जाऊन बसते. आता सांगा, कसं आनू त्याइले? अन् तिथी किती दिवस ठेवू? लेकीच्या घरी राहाचं नाई म्हनून जीव टाकून राह्यले. सात पावलं चालले परवा. पाच म्हनलं होतं न, आता काऊन नेत नाई म्हनून इचारते. डॉक्टर थांबा म्हनते असं सांगून राह्यली मी."

"वेलीचं माहीत आहे त्यांना?"

"नाई. रोज इचारते, वेल कशी हाय. मस्त हाय म्हनलं."

"मी जाऊन सांगू का? माझ्यामुळे झालं ते मीच सांगतो."

"तुमाले हलकं वाटन," चाची म्हणाली. "त्याइचं काय? आता कुठी पाय उचलून राह्यला. हे ऐकलं त तिथीच बसतीन." तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "तुमच्याजवळ फोटो हायेत न वेलीचे?"

"आहेत."

"मंग पोरीच्या मोबाइलवर एकएक पाठवत जा. रोज सकाळी. वेल हाय असं वाटू द्या. खोली थंडी झाली, ते इथी आले, का मंग मी पाहीन."

तिने मुलीचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये स्वतः टाकला. ती रागावून बोलली नव्हती आणि माफ केल्याचंही म्हणाली नव्हती. तिला एका गोष्टीची गरज होती आणि ती माझ्याजवळ होती, एवढंच. त्या दिवशी तिने पाणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही.

घरी येऊन मोबाइल उघडला. तीन उन्हाळ्यांचे मिळून वेलीचे चौसष्ट फोटो निघाले. आपल्याकडे एवढा साठा आहे म्हणून मला आधी बरंच वाटलं. मग एकेक पाहायला लागलो. काहींत मीटर होतं, त्यावरचे जुने आकडे होते. काहींच्या कडेला चाचीची बोटं होती, हिरव्या बांगड्या होत्या. एकात खिडकीचा गज धरलेला चाचांचाच हात होता. असे सगळे बाजूला ठेवले तर पाठवण्याजोगे सव्वीस उरले.

पहिले चार-पाच दिवस सुरळीत गेले. सकाळी सातला फोटो जायचा, मुलीचं उत्तर यायचं, "अब्बा खूश." मग चाचा स्वतः आवाज पाठवायला लागले. मुलगी मोबाइल तोंडाजवळ धरत असावी. एकेक शब्द ढकलत बाहेर काढल्यासारखा. "छपराजवळचा... मस्त." दुसऱ्या दिवशी, "खालच्या तारेवर कमी दिसते. पानी घाल म्हना तिले." आणि सहाव्या दिवशी, "बेटा, कालचा अन् आजचा... घोस एकच हाय." मिस्त्रीची नजर आहे ती, पत्र्यातला केसाएवढा फरक पाहिलेली. मी उत्तर दिलं की चुकून कालचाच गेला. तेव्हापासून एकेका फोटोचे कापून दोन-दोन करतो, एक डावीकडून, एक उजवीकडून, आणि दोन्हींच्या मध्ये चार दिवस जाऊ देतो.

राइस मिलच्या कुंपणावर एक मधुमालती आहे. तिथे रोज ताजं फूल मिळालं असतं. एकदा थांबून फोटो काढलाही. पण पानांमागे काटेरी तार दिसत होती. चाचांनी ओढलेली जस्ताची तार ते अंधारातही ओळखतील. पुसून टाकला.

बाकीच्या अंगणांत फुलं आहेतच. चिनी गुलाब नऊला उघडतो, कर्दळ कूलरखाली उभी आहे. मी कामाचा फोटो काढतो आणि निघतो. माझा फोटो काढायला हात जात नाही. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मला नकोत, पण लाज वाटते हे सरळ सांगतो, आणि ती उतरायचं नाव घेत नाही.

सगळा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसला आहे. रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायचे आहेत, गावोगाव बांधांवर माणसं उभी दिसतात आणि मला विचारतात, "काय म्हनते भाऊ पानी?" मी म्हणतो, येईल. पाऊस आला की टिन निवेल, खोली निवेल, चाची चाचांना घेऊन येईल. ते दारातून आत शिरण्याआधी त्यांना भिंत दिसेल. पाऊस यावा की येऊ नये, हे मला ठरवता येत नाही. असा माणूस सध्या या तालुक्यात मी एकटाच असेन.

काल पाठवलेल्या फोटोत छपराच्या कडेवरून खाली आलेला एक लांब झुबका होता, गेल्या वर्षीचा. अर्ध्या तासाने चाचांचा आवाज आला. सुरुवातीला बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"लय वाढली बेटा... चाचीले सांगजा, मीटरवरून थोडी बाजूले बांध म्हना. नाई त लाइनवाले येतात... अन् खालूनच कापतात. त्याइले काय मालूम." मग पुन्हा श्वास. "दहा पावलं झाले माहे. मी येतवर सांभाळ म्हना."

मी "सांगतो चाचा" असं टाइप केलं आणि पाठवून दिलं.